भादव्यातली काळी तीन

भादवा लागला की माझा तंबोरा उतरतो. दमट हवा लाकडात शिरते, खुंट्या अडून बसतात, तारा सैल पडतात. सकाळी नीट लावलेला तंबोरा दुपारच्या चहापर्यंत भलत्याच गावाला पोचलेला असतो. मग पुन्हा पुसा, पुन्हा पिळा. माझं वय आता असं आहे की तंबोऱ्याला नावं ठेवायची सोय नाही, माझीही हाडं भादव्यात तेच करतात.

परवा शिकायला येणाऱ्या पोरींपैकी एकीनं भीमपलासीत निषाद कमी लावला आणि काही झालंच नाही अशा थाटात पुढं निघून गेली. मी स्वयंपाकघरात घेवडा निवडत होते. तिथूनच म्हटलं, "उंहूं." सून दचकली. म्हणाली, "आई, अहो केवढ्यानं. रस्त्यावरच्या टेम्पोवाल्यानं वळून बघितलं." मी म्हटलं, "बघू दे." मला ऐकू कमी यायला लागलंय असा तिचा समज आहे. तो मी मोडत नाही, सोयीचा आहे. पण खरी गोष्ट अशी की 'उंहूं' मोठ्यानं म्हणता येणं ही माझ्या लेखी चैन आहे. एका भादव्यात आमच्या घरात ते म्हणायला बंदी होती.

गच्चीवर सुनेनं मुगाच्या शेंगा वाळत घातल्या आहेत. हल्ली मूग दुकानात निवडून मिळतो, पण गावाकडून अजून एक पोतं शेंगा येतात आणि त्या वाळवल्याशिवाय भादवा झाल्यासारखा वाटत नाही. ऊन लागलं की त्या तडकतात. एक तडकते, मग जरा शांतता, मग दोन एकदम. घरातल्या कुणाला तो आवाज ऐकूही येत नाही. मी मात्र प्रत्येक वेळी मान वर करते. पन्नास वर्षं झाली, मान काही ऐकत नाही.

आमचं गाव अंबड तालुक्यातलं. चुलते शेती बघायचे आणि दादा, म्हणजे माझे वडील, जालन्यात कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होते. दादांना भजनाचं वेड. जिनिंगच्या मारवाडी शेटजींकडे लग्नात खाँसाहेब गायले होते, ते दादांनी अंगणात चपलांपाशी उभं राहून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून थेट नदीपल्याड कदीम जालन्यात त्यांच्या दारात नेऊन उभं केलं. मी बारा वर्षांची होते. भावकीत कालवा झाला. घरंदाज पोरी गातात का, आणि गातात तर कुणाकडं शिकतात, असं सगळ्यांनी विचारून झालं. दादा म्हणाले, "गळा द्येवानं देल्ला, म्या न्हाई. त्येलाच जाऊन इचारा." देवाला विचारायला कुणी गेलं नाही.

खाँसाहेब उंच, वाळकेसे, पानानं ओठ रंगलेले. त्यांनी मला ऐकलं, डोळे मिटून बसले आणि बायकोला हाक मारून आतून एक लहान तंबोरा मागवला. मोठा मर्दानी तंबोरा त्यांचा स्वतःचा होता. हा जनानी, बायकांच्या उंच पट्टीसाठी केलेला, बारीक तारांचा. तो त्यांच्या लेकीचा होता. ती सोळाव्या वर्षी तापानं गेली होती. ती काळी पाचात गायची, म्हणून तंबोरा काळी पाचात लागायचा, म्हणून मीही काळी पाचातच गायचं, असं ठरलं. पेटीवरची ती पाचवी काळी पट्टी म्हणजे माझ्या गळ्याला शिडी लावून माळवदावर चढवण्यासारखं होतं. खाली माझा आवाज भरीव होता, गोल होता. वर गेला की तो पातळ व्हायचा आणि आणखी वर गेला की फाटायचा. पण हे बोलणार कोण? पायाच्या बेतानं जोडा शोधावा, तर इथं मेलेल्या पोरीचा जोडा पुढं होता आणि पाय मुकाट्यानं आत सारायचा होता.

खाँसाहेबांच्या शिकवण्याची रीत साधी. सूर चुकला की 'उंहूं.' बरोबर आला की गप्प. पाच वर्षांत त्यांनी मला एकदाही 'वाह' म्हटलं नाही. त्यांचं गप्प राहणं हीच शाबासकी, आणि ती दिवसातून दोन-चार वेळा मिळाली तर मी कुंडलिका नदीच्या पुलावरून नाचत घरी यायचे. आणि ते 'उंहूं' तरी कसं? बेंबीपासून यायचं. पानाची तबकं घेऊन चाललेला माणूस थांबायचा. तीन गल्ल्यांत ऐकू जायचं. जालन्यात पोरं एकमेकांना चिडवायची, "चुकलास तर म्हातारा उंहूं करील." त्यांना स्वतःला ते कळतच नसे. एकदा शुक्रवारी मशिदीतून येताना रस्त्यावर शहनाईवाला बेसूर वाजवत होता, तिथंही यांच्या तोंडून निघून गेलं आणि वरात थांबली.

मग तो उन्हाळा आला. निजामाच्या राज्यातला शेवटचा उन्हाळा, पण शेवटचा आहे हे तेव्हा कुणाला माहीत. खाकी कपड्यातली, बंदुका-भाले घेतलेली माणसं रस्त्यानं कवायत करत हिंडायची. मंठ्याच्या वाटेवर आमच्या गल्लीतल्या तालमीतल्या भिवसनदादाचा धाकटा भाऊ मारला गेला. लोक रातोरात बायकापोरांना घेऊन वऱ्हाडात देऊळगावराजाकडं निघून चालले होते. माय म्हणाली, "बस झालं गाणं. पोरीला पुलापल्याड धाडू नका." दुसऱ्या दिवसापासून खाँसाहेब स्वतः पुलाच्या आमच्या बाजूपर्यंत मला न्यायला येऊ लागले. त्यांनी माझं मनगट धरलेलं असायचं. खाकीवाल्यांनी हटकलं की म्हणायचे, "मेरी बेटी है. तुम्हारा क्या काम है इससे?" त्यांचा हात घामेजलेला असायचा, ते मला कळायचं. आवाजात मात्र तसूभर फरक नसायचा.

गळ्यात काळी पाच आणि पोटात भीती. त्या दिवसांत माझा तार सप्तकातला गंधार रोज फाटायचा आणि रोज 'उंहूं' यायचं. रडत रडत मी एकदा म्हटलं, "खाँसाहेब, जरा पट्टी उतरवू का?" ते तंबोऱ्याकडं बघत राहिले. म्हणाले, "इस तंबूरे की पट्टी यही है, बेटा." विषय संपला. गुरूला न विचारता तंबोऱ्याची खुंटी हलवायची नाही, हा आमच्यातला पहिला कायदा. मी तो पाच वर्षं पाळला.

महालक्ष्म्या उठल्या आणि विमानं आली. पोलिस ॲक्शन म्हणतात ते. दोन-तीन दिवसांत फौज जालन्यात शिरली, लोकांनी पेढे वाटले, दादा रडले. मीही वेड्यासारखी नाचले. मला वाटलं, भीती संपली. भीती संपली नव्हती, ती फक्त पूल ओलांडून पलीकडं गेली होती. उन्हाळाभर ज्यांची घरं जळली होती ते आता काठ्या-कुऱ्हाडी घेऊन निघाले, आणि ज्यांनी कधी कुणाचं काही केलं नव्हतं अशांच्या दारातही जाऊन उभे राहू लागले.

पितृपंधरवडा लागला त्या दिवशी भर दुपारी दादा जिनिंगमधून बैलगाडी घेऊन आले. सरकीची पोती होती. मायनं पोती मोजून घेतल्यासारखं केलं आणि दार लावलं. पोत्यांखालून खाँसाहेब निघाले आणि त्यांच्यामागून त्यांची बायको, अम्माजी. खाँसाहेबांच्या दाढीत सरकीची रुई अडकली होती. मायनं पाण्याचा तांब्या पुढं केला. ज्या बाईनं पाच वर्षं त्यांच्या घरचं पाणी मला पिऊ दिलं नव्हतं, तिनं स्वतःचा तांब्या दिला. पुढं मी तिला त्याबद्दल विचारलं तर म्हणाली, "त्यांनी तुजं मनगट धरलं व्हतं का न्हाई? मंग."

आमच्या माळवदाच्या घरात स्वयंपाकघरामागं धान्य ठेवायची अंधारी खोली होती. तिथं दोघांना ठेवलं. पुढच्या ओट्यावरून ती खोली वीस पावलांवर. मधे दोन भिंती आणि अंगणात शेंगांचं वाळवण.

प्रश्न गाण्याचा होता. दादा म्हणाले, "रोज दुपारी पोरगी गाती, हे समद्या गल्लीला ठावं हाय. आज बंद केलं तर लोक इचारतील, का बंद केलं. बराबर रोजच्यासारखं गायचं." रियाजासाठी घरी दिलेला लेकीचा तंबोरा घेऊन मी पुढच्या ओसरीत बसले. पहिल्याच दुपारी वरचा गंधार फाटला. आणि आतून, दोन भिंतींपलीकडून, 'उंहूं' आलं.

भिंतीपलीकडून शेजारीण म्हणाली, "काय गं, कोण आलंय?" माय चुलीपाशी होती. तिनं तिथूनच घसा खाकरला. "म्याच व्हय. धूर गेला नरड्यात." शेजारीण म्हणाली, "जप बाई." बस, एवढंच झालं. मी तंबोरा भिंतीला टेकवला.

आत गेले तर खाँसाहेब दोन्ही हातांनी तोंड दाबून बसले होते. म्हणाले, "गलती हो गई, बेटा. निकल गया." अम्माजी शांतपणे म्हणाल्या, "इनके हाथ में नहीं है ये. चालीस बरस की आदत है." आणि मग माझ्याकडं बघून, अगदी साधेपणानं, मीठ वाढायला सांगावं तसं म्हणाल्या, "तू गलती मत कर."

माझ्या आयुष्यात पुढं पुष्कळ मैफिली झाल्या. पुण्यात, नागपुरात, रेडिओवर. पुढच्या रांगेत एकाहून एक जाणकार बसलेले पाहिले. लोक विचारतात, बाई, तुम्हाला भीती वाटत नाही का. काय सांगू? मी सतराव्या वर्षी चूक केली तर घरातला माणूस मरेल अशा बैठकीत गायले आहे. त्यानंतर पुढच्या रांगेची भीती वाटायला जागा उरली नाही.

त्या दिवशी मला एवढंच कळलं की काळी पाचात मी चुकणारच. रोज चुकत आले होते. दुसऱ्या दुपारी मी तंबोरा मांडीवर घेतला, आतल्या खोलीकडं पाठ केली आणि खुंट्या सोडल्या. पाचवरून चारवर. तिथंही धीर होईना. मग तीनवर. बारीक तारा सैल पडून भरभरायला लागल्या, त्यांच्या लेकीचा तो चिमणीसारखा गोड तंबोरा घोगऱ्या बाईसारखा बोलू लागला. ते आत ऐकत होते. पहिली तार छेडताच त्यांना कळलं असणार. मी मनातल्या मनात पाया पडले आणि षड्ज लावला.

काय सांगू कसं वाटलं ते. पाच वर्षं टाचा उचलून चालत असलेल्या माणसानं पाऊल पूर्ण टेकवावं तसं. आवाज छातीतून आला. खालचा, मंद्र निषाद आजवर कधी घुमला नव्हता असा घुमला. वरचा गंधार सहज हाताशी आला, फाटला नाही. भिंतीवर हात ठेवला तर भिंत बोलत होती. हा माझा आवाज आहे, हे मला त्या ओसरीत, शेंगांच्या तडतडीत, मरणाची भीती वाटत असताना कळलं.

आतून काही आलं नाही.

आणि तिथंच माझी पंचाईत झाली. पाच वर्षं त्यांचं गप्प राहणं म्हणजे शाबासकी होती. आता ते गप्प होते कारण बोलले तर मरतील. मी बरोबर गात होते की नाही, मी लेकीच्या तंबोऱ्याचा अपमान केला की नाही, काहीच समजायला मार्ग नव्हता. जेवण द्यायला आत गेले तर ते भिंतीकडं तोंड करून बसलेले. मी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही. असे दहा-अकरा दिवस गेले. रोज दुपारी भीमपलासी, काळी तीन, आणि आतून शांतता.

सर्वपित्री अमावस्या दोन दिवसांवर होती. मी गात होते आणि दारात भिवसनदादा येऊन उभा राहिला. मागं पाच-सहा जण. काही तोंडं ओळखीची, काही नव्हती. भावाच्या मरणानंतर त्यानं दाढी केली नव्हती. दादा उठले. भिवसनदादा म्हणाला, "मुकादम, तुमच्या पोरीचा उस्ताद कुठं गेलाय?"

"हैदराबादेला गेल्ता म्हणत्यात. बिलकुल ठावं न्हाई."

"पुलापल्याडचे म्हणत्यात, सरकीच्या गाडीतून गेला."

"सरकीच्या गाड्या रोजच जात्यात."

शेंगा तडकल्या. मागच्यातला एक दचकला. मी गाणं थांबवलं होतं. भिवसनदादानं माझ्याकडं पाहिलं. घरात घुसेल असं वाटलं होतं, पण तो ओट्यावर बसला. काठी मांडीवर आडवी घेतली. म्हणाला, "थांबलीस का? गा. म्या ऐकतो."

हा माणूस लहानपणापासून त्या तीन गल्ल्यांतून हिंडलेला. ते 'उंहूं' त्यानं हजार वेळा ऐकलेलं. तो गाणं ऐकायला बसला नव्हता. तो माझ्या चुकीची वाट बघत बसला होता. ते मला कळलं, दादांना कळलं, आणि स्वयंपाकघरात मायची बांगडी वाजायची थांबली त्यावरून तिलाही कळलं.

मी गायले. किती वेळ ते माहीत नाही. उन्हाची तिरीप ओट्यावरून त्याच्या पायापर्यंत सरकली. भीमपलासीचा कोमल निषाद अंमळ चढा लागतो, नेहमीच्या कोमलाहून केसभर वर. खाँसाहेबांचा जीव त्या केसभरात होता. त्यावरून त्यांनी मला जितकं छळलं तितकं दुसऱ्या कशावरून नाही. मी एकेक सूर चाचपत, काठावरून चालत होते. आणि भिवसनदादानं सहज काठी या हातातून त्या हातात घेतली. माझं लक्ष काठीकडं गेलं. निषाद पडला.

नुसता पडला नाही, धडधडीत पडला. दादांनी डोळे मिटले. बेसूर निषाद ओसरीत तसाच उभा होता आणि मी पुढं जाऊ शकत नव्हते, कारण पाच वर्षांत त्या जागेवर मी कधी पुढं गेलेच नव्हते. तिथं 'उंहूं' यायचं. मी थांबले. आम्ही सगळे थांबलो. भिवसनदादाची मान जराशी कलली होती, कान घराकडं.

एक शेंग तडकली. मग आणखी एक.

आतून काही आलं नाही.

भिवसनदादा उठला. मागच्यांना म्हणाला, "चला. न्हाई हितं. म्हातारा असता तर जीव गेला तरी बोलला असता." ओट्यावरून उतरताना त्यानं मला विचारलं, "आवाज उतरला का गं तुजा? आधी लै वर गायचीस." दादा म्हणाले, "भ्यानं घसा बसलाय पोरीचा." भिवसनदादानं अंगणातल्या शेंगांकडं पाहिलं. "बराबर हाय," तो म्हणाला. "समद्यांचाच बसलाय."

लोक मला सांगतात, बाई, तुम्ही मुद्दाम चुकलात, केवढं प्रसंगावधान. मी आधी नाही म्हणायचे, हल्ली कंटाळून हसते. मी मुद्दाम चुकले नाही. मी घाबरले आणि चुकले. अक्कल जी काही होती ती आतल्या खोलीत होती. दार उघडून आत गेले तेव्हा खाँसाहेबांनी डावा हात तोंडात कोंबलेला होता आणि अम्माजी तो सोडवत होत्या. हातावर दातांचे वळ होते. रक्त आलं होतं. मायनं हळद आणली. मी "चुकले, खाँसाहेब," म्हटलं तर त्यांनी नुसता दुसरा हात हलवला. गिळलेलं 'उंहूं' अजून घशातच असावं तसे ते बसले होते.

दसऱ्यापर्यंत गावात शांतता झाली. फौजेचा पहारा बसला. खाँसाहेबांचा हैदराबादचा मेहुणा त्यांना न्यायला यायचा होता. निघायच्या आदल्या दिवशी ते पहिल्यांदा दिवसाउजेडी अंगणात आले, डोळ्यांवर हात धरून उन्हात बाजेवर बसले. दार उघडं होतं. गल्लीतून माणसं जात होती. ते मला म्हणाले, "तंबूरा लाव."

माझा हात खुंट्यांवर गेला. काळी पाच की तीन? त्यांनी सांगितलं नाही. मी त्यांच्याकडं बघण्याचा धीर केला नाही. तीनच लावली. ते बोलले नाहीत. मी भीमपलासी घेतला, षड्ज, गंधार, मध्यम, आणि यायचा तिथं निषाद आला. पुन्हा कमी.

"उंहूं!"

तीन गल्ल्यांत गेलं असेल. माय हातातलं पीठ घेऊन तशीच दारात आली आणि रडायला लागली. दादा हसायला लागले. मीही रडत होते, हसत होते, आणि ते मात्र रागानं लाल झाले होते, कारण रियाजाच्या वेळी हसणं त्यांना खपत नसे. "फिर से," ते म्हणाले.

मी डोळे पुसले. पुन्हा षड्ज लावला. काळी तीनचा, माझा. पुन्हा गेले. निषाद लागला. केसभर चढा, जिथं हवा तिथं. मग वर गेले, गंधार घेतला, उतरले. सगळं गायले. ते बोलू शकत होते. दार सताड उघडं होतं, कुणी काठी घेऊन बसलं नव्हतं. शेवटपर्यंत ते गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी ते गेले. त्यानंतर आमची भेट झाली नाही. लेकीचा तंबोरा माझ्याकडं राहिला. पुढची सगळी वर्षं मी काळी तीनात गायले. पेटीवाले सवयीनं चारवर बोट ठेवायचे, मी ते उचलून खाली आणायचे. कुणी मर्दानी आवाज म्हटलं, कुणी बाईंना सर्दी झालीय का असं विचारलं. ते सगळं पचलं, कारण त्या संक्रांतीला हैदराबादहून टपालानं एक पुडी आली होती. वर पत्ता खाँसाहेबांच्या अक्षरात, उर्दूत. आत तंबोऱ्याच्या तारा होत्या. जनानी तंबोऱ्याला कुणी लावत नाही तशा, जाड, खालच्या पट्टीच्या. चिठ्ठी असेल म्हणून मी पुडी झटकली, उलटी केली, कागद उजेडात धरून पाहिला. आत एक अक्षर नव्हतं.